खाणवाल्या कंपन्यांनाही बोअरची डायरी लिहायला लावा, साहेब

प्रति,
सेबीचे अध्यक्ष साहेब, वांद्रे-कुर्ला कॉम्प्लेक्स, मुंबई
आणि वेळ मिळाला तर खाण मंत्रालयातल्या साहेब लोकांनी पण वाचावं

साहेब, नमस्कार.

मी नाशिक जिल्ह्यातला बोअरवाला. सिन्नर, निफाड, दिंडोरी या पट्ट्यात बावीस वर्षं झाली साडेसहा इंची बोअर मारतोय, आधी दुसऱ्याच्या गाडीवर हेल्पर होतो, मग कर्ज काढून स्वतःची गाडी घेतली. शिक्षण बारावी सायन्स, ते पण गटांगळ्या खात. शेअर बाजारात आलो कोरोनानंतर, सगळे आले तसाच, मोबाईलवर डिमॅट उघडून. आता एका छोट्या खाण कंपनीचे ५००० शेअर माझ्याकडे आहेत, सरासरी ४६ रुपयांनी घेतलेले, आज भाव ९ रुपये. म्हणजे २ लाख ३० हजाराचे ४५ हजार, ते पण विकले गेले तर. कंपनीचं नाव घेत नाही, कारण नाव घेऊन भांडायला माझ्याकडे मुद्दाच नाही. तीच तर बोंब आहे. मी तिच्या सगळ्या घोषणा परत परत वाचल्या, भाच्याकडून समजून घेतल्या, आणि त्यात एक शब्द खोटा सापडला नाही. सगळं खरं सांगितलं आणि तरी मी पार गंडलो. हे कसं होतं ते माझ्या धंद्याच्या भाषेत सांगतो.

झालं असं की भाच्याने मोबाईलवर दाखवलं, मामा ही बघा लिथियमची कंपनी, बाहेरच्या देशात परवाना मिळालाय, पेग्मटाइट सापडलाय, नमुन्यात २.८ टक्क्यांपर्यंत लिथियम ऑक्साइड. मला पेग्मटाइट म्हणजे औषधाची गोळी वाटली होती खरं सांगायचं तर. पण लिथियम माहीत होतं, बॅटरीत लागतं, इलेक्ट्रिक स्कूटर आमच्या गल्लीत चार झाल्यात. आणि दगडात काहीतरी सापडलं म्हणलं की बोअरवाल्याचं डोकं जरा जास्तच चालतं, आपल्याला यातलं कळतं असा एक माज असतो, तो मला पण होता. घेतले. आठवडाभर रोज अप्पर सर्किट, म्हणजे दिवसात भाव जेवढा चढू देतात तेवढा चढून अडकायचा. मिसेसला म्हणलं दिवाळीला नवीन कॉम्प्रेसरचं डाऊन पेमेंट यातूनच निघतं बघ.

पैसे गेल्यावर मात्र मी नीट अभ्यास केला. आधी करायला पाहिजे होता हे घरी रोज ऐकतोय, तुम्ही परत सांगू नका.

तर पेग्मटाइट काय असतो. ग्रॅनाइटचा तप्त रस जमिनीच्या पोटात सावकाश थंड होतो, त्यातून एकेक खनिज बसत जातं आणि शेवटी थोडा रस उरतो. आमच्याकडे साखर कारखान्यात कसं, साखर बसून गेल्यावर मळी उरते आणि साखरेच्या दाण्यात जे जे मावलं नाही ते सगळं त्या मळीत गोळा होतं, अगदी तसं. लिथियम, सीझियम, टँटलम हे असले न मावणारे पाहुणे, ते शेवटच्या रसात जमतात. त्या रसात पाणी पण भरपूर, म्हणून स्फटिक मोठमोठे होतात, वीतभर, हातभर, कुठे कुठे माणसाएवढे. तो रस आजूबाजूच्या खडकाच्या भेगांत घुसून थिजला की झाला पेग्मटाइट. त्यात स्पोड्युमिन नावाचं खनिज असलं तर लिथियमवाल्यांची चांदी, शुद्ध स्पोड्युमिनमध्ये ८ टक्क्यांच्या आसपास लिथियम ऑक्साइड असतं. लेपिडोलाइट म्हणून जांभळट अभ्रक असतो, पेटलाइट असतो, त्यात पण लिथियम. १८१७ मध्ये स्वीडनमधल्या युटो बेटावरच्या पेटलाइटमध्येच तर लिथियम पहिल्यांदा ओळखू आलं.

पण, आणि हा पण माझ्या घोषणेत कुठेच नव्हता, बहुतेक पेग्मटाइटमध्ये लिथियम कामापुरतं नसतंच. नुसती गार, फेल्डस्पार आणि अभ्रक. फेल्डस्पार टाइल्सवाल्यांना लागतं तेवढाच उपयोग. झारखंडात कोडरमाला वर्षानुवर्षं पेग्मटाइटच खणला, अभ्रकासाठी. म्हणजे पेग्मटाइट सापडला ही बातमी अशी आहे की 'शिवारात खड्डा सापडला'. खड्ड्यात पाणी आहे का ते पुढचं.

आमच्या नाशकात तर पेग्मटाइट नाहीच. इथे सगळा बसाल्ट, दख्खनचा लाव्हा, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. त्याच्या पोकळ्यांत स्फटिक मिळतात ते झिओलाइट, अपोफिलाइट, स्टिलबाइट असे. पांडवलेणीच्या डोंगराजवळच्या दगडखाणींतले नमुने जगभरच्या म्युझियममध्ये गेलेत आणि सिन्नरला गारगोटी म्युझियम आहे, बघून या कधी. मी स्वतः विहिरीतून असल्या गारगोट्या काढल्यात. लिथियमची हवा होती तेव्हा आमच्या ओळखीतल्या एकाने विहिरीतला पांढरा खडा धुऊन पुसून टीव्हीच्या शोकेसमध्ये ठेवला होता आणि पाव्हण्यांना लिथियम म्हणून दाखवायचा. मी पण दोन दिवस काही बोललो नाही, म्हणलं असेल बाबा.

आता मुद्द्याचं. नमुन्यात २.८ टक्क्यांपर्यंत. या 'पर्यंत' शब्दाने मला बुडवलं साहेब. मेन रोडला दिवाळीत बोर्ड लागतात ना, ७० टक्क्यांपर्यंत सूट, आत गेलं की ७० टक्के फक्त रुमालावर. तो २.८ वाला नमुना म्हणजे कुणीतरी चालत चालत उचललेला दगड होता, रॉक चिप म्हणतात. भूवैज्ञानिक काय करणार, चांगला दिसेल तोच दगड उचलणार, वाईट दिसणारा कशाला उचलेल. लासलगावला कांद्याची ट्रॉली उभी राहते तेव्हा वरच्या थरात सगळे टपोरे लालभडक गोळे मांडलेले असतात, पण व्यापारी येडा नसतो, तो फाळका उघडायला लावतो, मधे हात घालतो, खालचा माल बघतो आणि मग बोली लावतो. शेअरवाल्या खाणीत वरचा थर बघूनच लिलाव होतो आणि फाळका उघडायची सोयच नाही.

जगातली सगळ्यात भारी कठीण दगडाची लिथियम खाण ऑस्ट्रेलियातली ग्रीनबुशेस, तिथे पहिल्यांदा १८८८ पासून कथिल काढत होते, लिथियम नंतर. तिचा खाणीतला माल धरला तरी सरासरी २ टक्क्यांच्या आसपास. बाकी खाणी १ ते दीड टक्क्यावर चालतात. आणि १ टक्का म्हणजे तरी किती? एक टन दगडात १० किलो लिथियम ऑक्साइड, त्यात निव्वळ लिथियम साडेचार-पावणेपाच किलो, बाजारात विकतात तो लिथियम कार्बोनेट करायचा म्हणलं तर पावणेपंचवीस किलो, ते पण एक कण वाया गेला नाही तर. आणि कण वाया जातातच. दगड फोडायचा, दळायचा, स्पोड्युमिन वेगळं काढायचं, मग ते हजार डिग्रीच्या वर भाजायचं म्हणजे त्याची घट्ट वीण सैल होते, मग गंधकाम्लात भाजायचं, तेव्हा कुठे लिथियम पाण्यात उतरतं. माझ्या कंपनीच्या घोषणेत यातलं काही नव्हतं, सोबत फोटो मात्र होता, हातात दगड धरलेला माणूस, मागे जीप.

अजून एक गंमत कळली. दगडावर पिस्तुलासारखं यंत्र धरून कशात काय आहे ते सांगतात ना, एक्सआरएफ गन, कुठल्याही खाणवाल्याच्या फोटोत दिसते ती. तिला लिथियम दिसतच नाही! फार हलकं मूलद्रव्य, यादीत तिसरा नंबर, हायड्रोजन हेलियमनंतर लगेच. ती गन रुबिडियम, टँटलम असल्या सोबत्यांवरून अंदाज बांधायला वापरतात, खरा आकडा लॅबमधूनच येतो. म्हणजे पुराचं पाणी ओसरल्यावर काठावरच्या गाळावरून अंदाज लावतात तसं. अंदाज वाईट नसतो, पण तो अंदाज आहे हे सांगा की.

पुढची पायरी बोअरची, तिथे मला कळायला पाहिजे होतं आणि तिथेच मी जास्त फसलो. घोषणा आली, ४२ मीटर सलग पेग्मटाइट लागला. मी नाचलो. भाव ४६ वरून ७१ झाला. मी विकले नाहीत, उलट... जाऊ द्या.

साहेब तुमच्या ऑफिसची भिंत समजा नऊ इंची आहे. आडवं ड्रिल मारलं तर नऊ इंच वीट लागेल आणि पलीकडे हवा. आता त्याच भिंतीवर स्लॅबपासून खाली उभं ड्रिल मारा. दहा फूट सलग वीट लागेल. दोन्ही वेळा तुम्ही खरं बोलाल. पेग्मटाइट पण असाच भिंतीसारखा उभा नाहीतर तिरका घुसलेला असतो, त्याच्या अंगाने बोअर मारली की ४२ मीटर, आडवी कापली की कदाचित ८. खाणीच्या लोकांत याला खरी जाडी म्हणतात. ऑस्ट्रेलियात कंपनीला लिहावंच लागतं की हा आकडा बोअरच्या लांबीचा आहे की खऱ्या जाडीचा, आणि खरी जाडी माहीत नसेल तर 'माहीत नाही' असं लिहावं लागतं. माहीत नाही, हे दोन शब्द माझे सव्वा लाख तरी वाचवून गेले असते.

आता माझ्या डायरीचं सांगतो. प्रत्येक बोअरचं एक पान. शून्य ते आठ फूट काळी माती. आठ ते पस्तीस मुरूम. पस्तीस ते एकशेनव्वद काळा पाषाण, कडक. एकशेनव्वदला लाल पट्टी. दोनशे पंधराला ओल. दोनशे साठला पाणी, दीड इंची. तारीख, गट नंबर, केसिंग किती फूट, कोण हजर होतं. आणि कोरडी गेली तर लाल पेनाने कोरडी. ही डायरी मला कुणी लिहायला लावलेली नाही, माझ्या उस्तादाची सवय. तो म्हणायचा, पाणी लागलेली बोअर गाव लक्षात ठेवतं, कोरडी बोअर आपण लक्षात ठेवायची. कंपनीने किती बोअर मारल्या, त्यातल्या किती कोरड्या गेल्या, हे मला आजपर्यंत माहीत नाही. ४२ मीटरवाली एकच माहीत आहे.

हे सगळं जगाला आधी कळलेलं आहे म्हणे. १९६९ मध्ये ऑस्ट्रेलियात पोसायडन नावाच्या कंपनीला विंडारा इथे निकेल लागलं, एक डॉलरच्या आतला शेअर फेब्रुवारी १९७० मध्ये २८० डॉलरला गेला आणि मग जो कोसळला त्यात कितीतरी लोक धुऊन निघाले. त्यानंतर १९७१ ला तिथे समिती बसली आणि १९८९ मध्ये जोर्क नावाचा कोड आला, खाणीच्या घोषणेत काय काय सांगायचं त्याची नियमावली. कॅनडाच्या लोकांना अजून मोठा फटका बसावा लागला, ब्रे-एक्स कंपनीने इंडोनेशियातल्या नमुन्यांत सोन्याची भुकटी मिसळलेली होती हे १९९७ ला उघडं पडलं, मग त्यांनी २००१ मध्ये नियम कडक केले. जोर्कमध्ये तक्ता असतो, नमुना कसा घेतला, बोअर कुठल्या जातीची, कोन किती, लॅब कुठली, सगळ्या बोअर सांगितल्या का, नसतील तर का नाही. खाली सही करणारा माणूस त्या प्रकारच्या साठ्यात किमान पाच वर्षं काम केलेला पाहिजे आणि त्याचं नाव छापलेलं पाहिजे. आपल्याकडे पण २०१९ मध्ये आयएमआयसी नावाचा भारतीय कोड तयार झालाय, म्हणजे तक्ता शून्यातून बनवायची पण गरज नाही. तो घ्या आणि शेअर बाजारातल्या खनिजाच्या प्रत्येक घोषणेला बांधून टाका, घोषणेबरोबर तक्ता नसेल तर घोषणा नाही. इतकं एकच मागणं आहे माझं. पुढचं सगळं त्याच्याच आसपासचं.

तुम्ही अफवांचा नियम केला, बातमी पसरली की कंपनीने खरं का खोटं ते सांगायचं. चांगला नियम. जून २०२४ पासून पहिल्या १०० मोठ्या कंपन्यांना आणि डिसेंबर २०२४ पासून पहिल्या २५० ला लागू. आता बघा, मोठ्या कंपनीबद्दल अफवा आली तर दहा पेपरवाले फोन करून विचारतात, तीन ब्रोकर रिपोर्ट काढतात. अफवा राहते कुठे? आमच्यासारख्यांच्या मोबाईलवर, वीस-पन्नास रुपयांच्या शेअरात. म्हणजे बंगल्याला वॉचमन आणि वस्तीवर उघडं दार, असं झालं ना हे. निदान लिथियम, सोनं, रेअर अर्थ असल्या खनिजाच्या बाबतीत तरी सगळ्या छोट्या कंपन्यांना तो नियम लावा.

आता खाण मंत्रालयातल्या साहेबांना दोन शब्द, कारण ही हवा तापवण्यात तुमचा पण हात आहे, रागावू नका. ९ फेब्रुवारी २०२३ ला तुम्ही जाहीर केलं, जम्मूच्या रियासी जिल्ह्यात सलाल-हैमाना भागात लिथियमचा ५९ लाख टन अनुमानित साठा, जी-३ पातळी. टीव्हीवर लगेच सुरू झालं भारत जगात कितव्या नंबरला. चिलीचे ९३ लाख टन, ऑस्ट्रेलियाचे ६२ लाख टन, आणि आपले ५९. पण त्यांचे आकडे निव्वळ लिथियम धातूचे आणि आपला आकडा मातीदगडासकट कच्च्या खनिजाचा, नंतर संसदेतल्या उत्तरात स्वच्छ लिहिलंय लिथियम ओर म्हणून. द्राक्षवाल्याने क्रेटसकट, पानासकट, ट्रॅक्टरसकट वजन सांगितल्यासारखं झालं हे. शिवाय ते पेग्मटाइट पण नाही, ते बॉक्साइटच्या जातीचं, त्यातून लिथियम काढायची तऱ्हा वेगळी. पुढे त्या ब्लॉकचा लिलाव लावला तर पुरेसे बोलीवाले आले नाहीत म्हणून रद्द, परत लावला, परत रद्द. ज्यांना खाणीतलं कळतं ते हात आखडून बसले आणि आम्ही मोबाईलवर अप्पर सर्किट लावत होतो.

जी-३ म्हणजे काय हे पण तेव्हा कुणी सांगितलं नाही. जी-४ म्हणजे नुसती पाहणी, जी-३ प्राथमिक, जी-२ सर्वसाधारण, जी-१ तपशीलवार. आमच्या भाषेत जी-४ म्हणजे पाणाड्या नारळ हातावर घेऊन रानात फिरून आला आणि जी-३ म्हणजे एक-दोन ठिकाणी टेस्ट घेतली. (भूवैज्ञानिक लोक पाणाड्या म्हणल्यावर चिडतील, त्यांचं शास्त्र आहे हे मला मान्य आहे, समजायला सांगतोय.) ते नुसतं जी-३ असं कंसात न टाकता शाळेच्या मार्कलिस्टसारखं चारपैकी दुसरी पायरी असं लिहायला काय हरकत आहे?

चांगलं पण सांगतो, म्हणजे नुसता रडगाणं गातोय असं नको. राजस्थानात डेगानाला काश्मीरपेक्षा मोठा साठा सापडला म्हणून २०२३ च्या मे महिन्यात बातम्या आल्या तेव्हा जीएसआयने, म्हणजे सरकारच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्याने, आम्ही असं काही सांगितलेलं नाही म्हणून लगेच खुलासा केला. एकदम बेस्ट. आणि कर्नाटकात मंड्या जिल्ह्यात मारलगल्लाला, तो खरा पेग्मटाइट स्पोड्युमिनवाला, तिथे अणुऊर्जा खात्याच्या अणुखनिजवाल्यांनी १६०० टन सांगितले. सोळाशे! ऐकायला किती बारका आकडा, कुणाचा शेअर उडला नाही, पण माझ्यासारख्या माणसाला आता त्या १६०० वर जास्त भरोसा वाटतो. छत्तीसगडला कटघोऱ्याचा ब्लॉक २०२४ मध्ये लिलावात ७६.०५ टक्के प्रीमियमने गेला, म्हणजे खनिजाच्या किमतीतला एवढा वाटा सरकारला द्यायचं कबूल केलं, म्हणजे दगडात दम वाटला तर घेणारे येतात. २०२३ च्या ऑगस्टमध्ये कायदा बदलून लिथियम अणुखनिजांच्या यादीतून काढलं, खाजगी लोकांना शोधायची मुभा दिली, मग २०२५ च्या जानेवारीत १६,३०० कोटींचं क्रिटिकल मिनरल मिशन. याचा अर्थ पुढच्या पाच-दहा वर्षांत छोट्या शोध कंपन्या पावसाळ्यातल्या छत्र्यांसारख्या उगवणार. माझं पत्र त्याच्यासाठी आहे. माझे गेले ते गेले.

छोट्या कंपन्या नकोत असं मी म्हणत नाहीये, गैरसमज नको. शोध घेणं हा कोरड्या बोअरींचाच धंदा आहे, मोठी कंपनी असल्या रानात पहिलं पाऊल टाकत नाही. आणि लागलं तर लागतं पण. ऑस्ट्रेलियात अझ्युर मिनरल्सचा शेअर २०२३ च्या सुरुवातीला सेंटमध्ये होता, अँडोव्हरच्या पेग्मटाइटवर पुढच्या वर्षी कंपनी विकली गेली शेअरला ३ डॉलर ७० सेंट भावाने. ही गोष्ट भाच्याने मला पाच वेळा सांगितली होती. मॅनोनोची मात्र एकदा पण नाही. काँगोतलं मॅनोनो, ४० कोटी टन दगड, १.६५ टक्के सरासरी, बोअरी मारून सिद्ध केलेला, जगातल्या मोठ्यात मोठ्या पेग्मटाइटपैकी एक. आणि झालं काय, परवान्यावरून वाद, एव्हीझेड कंपनीचा शेअर मे २०२२ पासून बंद, मे २०२४ ला बाजारातूनच काढला. दगड सोन्यासारखा पण सातबारा कोणाच्या नावावर तेच ठरेना. आमच्याकडे लहान पोराला पण कळतं की बोअर मारायच्या आधी उतारा बघायचा, भाऊबंदकी आहे का बघायचं. माझ्या कंपनीने 'परवाना मिळाला' लिहिलं होतं, तो नुसता शोधायचा परवाना होता, खणायचा वेगळा घ्यावा लागतो. शेजारी मोठी खाण आहे असं पण लिहिलं होतं नकाशासकट. शेजाऱ्याच्या बोअरला तीन इंची पाणी आहे म्हणून आपल्याला लागतंय होय! पन्नास फुटावर कोरडी गेलेली मी स्वतः मारलीये, एकदा नाही, दहादा.

आणि पैसे कुठून येतात हा भाग. असल्या कंपनीला विक्री नसते, उत्पन्न नसतं, खर्च मात्र रोजचा. मग नवीन शेअर छापायचे, वॉरंट द्यायचे म्हणजे पुढे ठरलेल्या भावाने शेअर घ्यायचा हक्क, प्रेफरन्शियल करायचं म्हणजे निवडक लोकांनाच नवीन शेअर. विहीर तीच, पाणी तेवढंच, वाटेकरी वाढत चालले की माझी पाळी आठवड्याची पंधरवड्यावर जाते. ते पण नियमाने जाहीर केलेलं होतं, मी इंग्रजी पीडीएफ उघडलं आणि बंद केलं. माझा पण दोष आहे. पण एक सांगतो, बोअरच्या धंद्यात पाणी लागो न लागो माझा फुटाचा भाव मला मिळतो, आणि त्यामुळेच मी कधी मालकाला म्हणत नाही की अजून शंभर फूट जाऊ, नक्की लागेल. कारण मला माहितीये की तसं म्हणण्यात माझा फायदा आहे. कंपनी चालवणाऱ्यांचा पण फुटाचा भावच असतो, पगार चालू, ऑफिस चालू. अजून शंभर फूट जाऊ असं ते प्रत्येक तिमाहीला म्हणतात.

वरून लिथियमचा भाव. नोव्हेंबर २०२२ ला चीनमध्ये कार्बोनेट टनाला ६ लाख युआनच्या आसपास, वर्षभरात लाखावर, २०२५ च्या मध्यावर ६० हजाराच्या खाली. कांदा उत्पादकाला हे समजवायला नको. ऑस्ट्रेलियातली फिनिस खाण, खरी खाण, माल निघत होता, तिने जानेवारी २०२४ ला खोदकाम थांबवलं कारण भावात परवडेना. तेव्हा माझी कंपनी हातात दगड धरून फोटो काढत होती.

तर साहेब, तक्ता एका पानाचा असू द्या. खनिज कुठलं, स्पोड्युमिन का लेपिडोलाइट का अजून माहीत नाही. परवाना शोधायचा का खणायचा, कोणाच्या नावावर, कधी संपतो. बोअर एकूण किती मारल्या, कोरड्या किती. लांबी का खरी जाडी. सरासरी टक्केवारी, 'पर्यंत' हा शब्द बंद. साठा सांगायचा तर कच्चा दगड किती आणि त्यात निव्वळ लिथियम किती, दोन्ही शेजारी शेजारी. वर्षभरात नवीन शेअर किती छापले. सही कोणाची. आणि हे मराठीत, हिंदीत, गुजरातीत पण द्या, कारण पैसे आमच्या भाषेत बुडतात.

मी रोज सकाळी सव्वानऊला ५००० शेअर विकायला लावतो, समोर घेणारा कुणी नसतो, लोअर सर्किट, साडेतीनला ऑर्डर आपोआप कॅन्सल होते. तोपर्यंत मी दोनशे फुटावर असतो.

सोबत माझ्या डायरीतल्या एका पानाची झेरॉक्स जोडतोय, नमुना म्हणून. सिन्नरच्या पूर्व भागातली बोअर आहे, ४२० फूट, लाल पेनाने लिहिलेली. मालकाने आधी दोन ठिकाणी पाणाड्या फिरवला होता, ते पण बाजूला लिहून ठेवलंय.

आपला,
एक बोअरवाला
सिन्नर, जि. नाशिक